अग्निबाणाच्या आराखड्यातील बदल आणि चाचण्यांची कसोटी

१. एका झडपेची कथा

श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावरून १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण, एस.एल.व्ही.-३, आकाशात झेपावला. त्याची उंची सुमारे २२ मीटर व वजन सुमारे १७ टन होते. पहिल्या टप्प्याने आपले काम नीट केले. दुसऱ्या टप्प्यात मात्र अग्निबाणाची दिशा राखणारी यंत्रणा निकामी ठरली आणि उड्डाणानंतर ३१७ सेकंदांनी त्याचे अवशेष बंगालच्या उपसागरात कोसळले. पुढे चौकशी झाली. त्या यंत्रणेतील एक झडप कचरा अडकल्यामुळे पूर्ण मिटली नव्हती व तिच्यातून नायट्रिक आम्ल वाहून गेले होते, असे तीत निष्पन्न झाले.

सतरा टनांचे ते यंत्र चिमूटभर कचऱ्याने बुडविले. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. मधल्या अकरा महिन्यांत नवा अग्निबाण कल्पिण्यात आला नव्हता. दोष शोधणे, नेमका तेवढाच दूर करणे आणि तो दूर करताना दुसरा दोष आत येऊ न देणे, हेच त्या काळातील मुख्य काम होते. हे काम ऐकावयास सोपे वाटते. करावयास ते फार कठीण आहे. ते कठीण का आहे, आणि अभियंते ते कसे पार पाडतात, हे प्रस्तुत पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

भारतीय अंतराळ संशोधन संघटनेची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ रोजी झाली. तिचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. द्रव इंधनावर चालणाऱ्या एंजिनांचे काम करणाऱ्या केंद्राचा एक विभाग, उपग्रह बांधणारे केंद्र आणि अंतराळयानांचा माग घेणारे जाळे हीही याच नगरात आहेत. अग्निबाण समुद्रकिनाऱ्यावरून उडतो हे खरे. परंतु त्याच्या आराखड्यात एखादा बदल करावा की करू नये, या प्रश्नाचा खल पुष्कळदा या पठारावरील नगरात होत आला आहे.

२. आराखडा बदलावा तरी का?

एकदा नीट उडालेला अग्निबाण तसाच पुनःपुन्हा का बांधू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तसे करता आले असते तर अभियंत्यांना आनंदच झाला असता. पण बदल करावयास भाग पाडणारी कारणे अनेक आहेत. पहिले कारण अपयश: जे मोडले ते सुधारले पाहिजे. दुसरे कारण वाढती गरज: काल चाळीस किलोग्रॅमचा उपग्रह न्यावयाचा होता, उद्या दीडशे किलोग्रॅमचा न्यावयाचा असतो. तिसरे कारण पुरवठा: एखादी धातू किंवा एखादा सुटा भाग मिळेनासा होतो. चौथे कारण वजन: अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात वाचविलेला प्रत्येक किलोग्रॅम उपग्रहाच्या वाट्याला येतो, म्हणून अभियंता सतत काटकसरीच्या मागे असतो.

या काटकसरीतच धोक्याचे मूळ आहे. पूल बांधणारा अभियंता अपेक्षित भाराच्या कित्येक पट भार सोसेल असा पूल बांधू शकतो. अग्निबाणाला ती चैन परवडत नाही. फार मजबूत केलेला अग्निबाण इतका जड होतो की, तो उपग्रह नेऊच शकत नाही. म्हणून त्याचा प्रत्येक भाग गरजेपेक्षा थोडासाच अधिक बळकट असतो. अशा यंत्रात लहान बदलाचेही परिणाम दूरवर पोहोचतात.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका यंत्रात एक हजार भाग आहेत, त्यांपैकी एकही बिघडला तरी यंत्र फसते, आणि प्रत्येक भाग दहा हजार वेळा वापरला असता एकदाच बिघडतो. प्रत्येक भाग किती भरवशाचा, असे आपणांस वाटेल. तरीही गणित असे सांगते की, असे यंत्र सुमारे दहा उड्डाणांत एकदा फसेल. भाग शंभरच असले, पण प्रत्येक भाग शंभरांत एकदा बिघडणारा असला, तर शंभर उड्डाणांपैकी केवळ सदतीस यशस्वी होतील. म्हणूनच, 'हा भाग जवळजवळ निर्दोष आहे' या वाक्यातील 'जवळजवळ' या शब्दाची अग्निबाणशास्त्रात धास्ती वाटते.

३. बदल एकटा येत नाही

बैलगाडीचे उदाहरण घ्या. गाडीवानाने अधिक माल नेण्यासाठी मोठी व जड चाके बसविली. चाके उत्तम आहेत. पण आस जुनाच आहे. गाडीची उंची वाढल्यामुळे जू वेगळ्या कोनात बसते, बैलांच्या मानेवर भार वेगळा येतो आणि उतारावर गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. गाडीवान म्हणेल, 'मी फक्त चाके बदलली.' वस्तुतः त्याने गाडी बदललेली असते.

भारतीय अग्निबाणशास्त्राला हा धडा ए.एस.एल.व्ही. या अग्निबाणाने दिला. कल्पना मोठी सयुक्तिक होती. एस.एल.व्ही.-३ हाताशी होताच. त्याच्या दोन्ही बगलांना, त्याच्याच पहिल्या टप्प्यासारखा एकेक अग्निबाण जोडावयाचा, म्हणजे चाळीस किलोग्रॅमऐवजी सुमारे दीडशे किलोग्रॅमचा उपग्रह नेता येईल. बगलेचे अग्निबाण आधी पेटावेत आणि ते विझत आले की मधला मुख्य टप्पा पेटावा, अशी योजना होती. म्हणजे बहुतेक भाग ओळखीचे होते. नवी होती ती त्यांची जोडणी.

२४ मार्च १९८७ रोजी पहिले उड्डाण झाले. बगलेचे अग्निबाण जळून गेले. पण मधला टप्पा पेटलाच नाही. संशय प्रज्वलनाच्या विद्युत्-मंडलावर व त्याच्या सुरक्षा-यंत्रणेवर गेला आणि त्यांत सुधारणा करण्यात आल्या. १३ जुलै १९८८ रोजी दुसरे उड्डाण झाले. या वेळी मधला टप्पा पेटला; परंतु अग्निबाण सावरला नाही, तोल जाऊन तो मोडला.

दुसऱ्या अपयशाची मीमांसा विशेष बोधप्रद आहे. बगलेचे अग्निबाण विझू लागले म्हणजे त्यांचा रेटा झपाट्याने ओसरतो आणि त्या रेट्याच्या आधाराने दिशा राखणारी यंत्रणाही त्याबरोबर दुबळी होते. मधला टप्पा पूर्ण जोराने कामाला लागेपर्यंत एक क्षण असा येतो की, जुना सुकाणू हातचा सुटलेला असतो व नवा हाती आलेला नसतो. नेमक्या त्याच सुमारास अग्निबाण वातावरणाच्या अशा थरातून जात होता की, जेथे वेगामुळे निर्माण होणारा वाऱ्याचा दाब फार मोठा असतो. नदीच्या ऐन धारेत नावाड्याने एक वल्हे टाकून दुसरे उचलावे, तसा हा प्रकार झाला.

या अपयशानंतर संघटनेने आपल्या अंतर्गत चौकशीवरच भिस्त ठेवली नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक प्राध्यापक रोद्दम नरसिंह यांच्या अध्यक्षतेखाली बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती नेमण्यात आली. अग्निबाण ज्यांनी बांधला त्यांनाच त्याचे दोष विचारले असता, त्यांचा प्रामाणिकपणा कितीही असला तरी, त्यांची नजर ओळखीच्या वाटेनेच जाते. परक्या नजरेला ती सवय नसते.

पुढील अग्निबाणात झालेले बदल या मीमांसेतून निघाले. स्थैर्य वाढविण्यासाठी तळाशी पर बसविण्यात आले. उड्डाणाचा मार्ग असा आखण्यात आला की, त्या नाजूक क्षणी वाऱ्याचा दाब कमी असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मधला टप्पा केवळ घड्याळाच्या ठरीव काट्यावर पेटवावयाचा नाही, तर बगलेच्या अग्निबाणांचा रेटा ओसरल्याचे प्रत्यक्ष जाणून मगच पेटवावयाचा, अशी व्यवस्था करण्यात आली. २० मे १९९२ रोजी तिसऱ्या उड्डाणात उपग्रह कक्षेत पोहोचला, जरी ती कक्षा योजनेपेक्षा खालची होती. आणि ४ मे १९९४ रोजीचे चौथे उड्डाण पूर्णपणे यशस्वी झाले.

यातून पहिला नियम असा निघतो: ओळखीचे भाग नव्या रीतीने जोडले की तयार होणारे यंत्र अनोळखी असते. दोष बहुधा भागांत नसून सांध्यांत दडलेला असतो. एका टप्प्याचा दुसऱ्याशी, यंत्राचा आज्ञावलीशी, आणि एका गटाच्या कामाचा दुसऱ्या गटाच्या कामाशी होणारा सांधा, हे तीनही सांधे सारखेच जोखमीचे होत.

४. चाचणी म्हणजे निसर्गाला विचारलेला प्रश्न

कुंभाराकडून मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो. फार हळू वाजविले तर तडा कळत नाही. फार जोराने वाजविले तर चांगले मडकेही फुटते. अग्निबाणाच्या चाचणीत हीच अडचण आहे. म्हणून अभियंते एकाच घडणीचे अनेक नग तयार करतात. त्यांपैकी काही नगांना उड्डाणात येईल त्यापेक्षा अधिक भार, उष्णता व कंप मुद्दाम सोसावयास लावतात; प्रसंगी ते फुटेपर्यंत ताणतात. यातून आराखड्याचे सामर्थ्य कळते. प्रत्यक्ष उडणाऱ्या नगाला मात्र बेताचीच चाचणी देतात. कारण चाचणीने त्याचेही थोडे आयुष्य खर्च होते. पहिल्या चाचणीत आराखडा तपासला जातो, दुसरीत कारागिरी. या दोहोंची गल्लत करता कामा नये.

काही प्रश्न लहान प्रतिकृतीला विचारता येतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १.२ मीटर रुंदीचे एक वातविवर, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, १९६७ पासून काम करीत आले आहे. ध्वनीपेक्षा कमी, ध्वनीच्या आसपासच्या व ध्वनीपेक्षा अधिक अशा तिन्ही वेगांचा वारा त्यात निर्माण करता येतो. अग्निबाणाची लहान प्रतिकृती त्यात धरून तिच्यावर येणारी बले मोजतात. अग्निबाणाला पर लावले, त्याचे डोके रुंद केले, बाहेरून तारांची नळी नेली, की वारा त्याच्याभोवती वेगळा वाहू लागतो. म्हणून बाह्य आकारातील बदल वातविवराला विचारल्यावाचून स्वीकारणे धोक्याचे असते.

परंतु चाचणी केवळ विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. जमिनीवर एंजिन पेटविले तर ते जमिनीवर पेटते, एवढेच सिद्ध होते. निर्वात अवकाशात ते पेटेल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय उत्तर किती वेळा मिळाले, यालाही महत्त्व आहे. दहांत एकदा बिघडणारा एखादा भाग घ्या व त्याची दहा वेळा चाचणी करा. तो दहाही वेळा निर्दोष ठरण्याची शक्यता शंभरांत पस्तीस, म्हणजे तीनांत एकाहून अधिक असते. अर्थात दहा यशस्वी चाचण्यांनंतरही आपण एक वाईट भाग मोठ्या विश्वासाने अग्निबाणात बसवू शकतो. यशाने मनुष्य निर्धास्त होतो. गणिताने तो सावध राहतो.

५. अतिशीत एंजिनाचा धडा

जड उपग्रह उंच कक्षेकडे नेण्यासाठी द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारे क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत, एंजिन फार कार्यक्षम ठरते. हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सियस तापमानाला द्रवरूप होतो. इतक्या थंडीत धातू आकसतात, वंगण गोठते, आणि तेथून काही अंतरावरच ज्वलनकोठीत प्रचंड उष्णता असते. भारताच्या जी.एस.एल.व्ही. या अग्निबाणाचे पहिले उड्डाण १८ एप्रिल २००१ रोजी रशियन बनावटीच्या अतिशीत टप्प्यासह झाले. त्याची जागा घेण्यासाठी स्वदेशी टप्पा तयार होत होता. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे १५ नोव्हेंबर २००७ रोजी तो उड्डाणाइतक्याच कालावधीपर्यंत, म्हणजे ७२० सेकंद, जमिनीवर यशस्वीपणे चालवून पाहण्यात आला.

१५ एप्रिल २०१० रोजी हा टप्पा प्रथमच उडाला. पहिले दोन टप्पे ठीक चालले. अतिशीत एंजिन पेटलेही. पण पेटल्यानंतर सव्वादोन सेकंदांच्या आतच त्याचा रेटा वाढेनासा झाला. कारण हायड्रोजन येईनासा झाला होता. हायड्रोजनच्या टाकीतून मुख्य पंपाकडे द्रव पोहोचविणारा एक साहाय्यक टर्बोपंप असतो. तो मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांपर्यंत, म्हणजे सेकंदाला ५८० फेऱ्यांपर्यंत, पोहोचला होता. त्यानंतर त्याची गती मंदावू लागली आणि ०.६ सेकंदात तो थांबला. चौकशी समितीने दोन संभाव्य कारणे सांगितली: एक तर द्रव अडविणाऱ्या एखाद्या बंधाशी फिरता भाग घासून जखडला असावा, किंवा दाब व तापमानातील ताण यांमुळे पंपाचे आवरण फाटले असावे.

येथे वाचकाने थोडे थांबून विचार करावा. कोसळलेला अग्निबाण समुद्राच्या तळाशी असतो. पुरावा म्हणून हाती उरतात ते उड्डाणात पाठविले गेलेले आकडे. त्यांवरून दोन कारणे तितकीच संभवनीय दिसत असतील, तर कोणते दुरुस्त करावे? याचे उत्तर एकच: दोन्हीही. आपल्या आवडीचे एक कारण निवडून दुसऱ्याकडे डोळेझाक करणे हा मोठा प्रमाद ठरला असता.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला रशियन टप्पा असलेला दुसरा अग्निबाण उडाला. उड्डाणानंतर ४७.८ सेकंदांनी रशियन टप्प्याच्या तळाशी असलेले विद्युत्-जोडांचे दहा जण अवेळी निखळले. संगणकाच्या आज्ञा खालच्या टप्प्याकडे पोहोचेनाशा झाल्या आणि अग्निबाण नष्ट करावा लागला. पुन्हा दोष सांध्यातच होता.

यानंतर तीन वर्षे हा अग्निबाण उडाला नाही. त्या काळात झालेले बदल लक्षात घेण्याजोगे आहेत. पंपाच्या धारव्याचे व आवरणाचे थंडीने होणारे आकुंचन लक्षात घेऊन त्याची रचना सुधारण्यात आली. एंजिन पेटविण्याचा क्रम बदलण्यात आला. खालच्या बाजूचे संरक्षक आवरण व तारांची नळी यांची रचना नव्याने करण्यात आली. संपूर्ण अग्निबाणावर वाऱ्याची येणारी बले पुन्हा निश्चित करण्यात आली. आवरण उड्डाणात किती हलते ते पाहण्यासाठी चित्रग्राहक बसविण्यात आले. आणि महेंद्रगिरीच्या निर्वात चाचणीगृहात, अवकाशासारख्या परिस्थितीत, प्रज्वलनाचा नवा क्रम तपासण्यात आला. २००७ च्या जमिनीवरील चाचणीत न विचारलेला प्रश्न आता विचारण्यात आला.

'एका वेळी एकच बदल करावा' असे प्रयोगशाळेत शिकविले जाते. मग येथे इतके बदल एकदम का? याचे कारण असे की, अग्निबाणाची उड्डाणे मोजकी व खर्चाची असतात. प्रत्येक बदलासाठी स्वतंत्र उड्डाण करावयाचे म्हटले तर एक पिढी निघून जाईल. तेव्हा बदल उड्डाणात एकत्र येतात, हे टाळता येत नाही. टाळता येते ते एवढेच की, त्यांची पहिली परीक्षा उड्डाणात होऊ नये. पंपाची परीक्षा पंपाच्या मंचावर, प्रज्वलनाची निर्वात गृहात, आकाराची वातविवरात. असे प्रत्येक बदलाला जमिनीवर एकेकटे गाठावे, आणि मगच सर्वांना एका अग्निबाणात बसू द्यावे.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी उड्डाणाची तयारी पूर्ण झाली. इंधन भरले गेले. उड्डाणाला एक तास चौदा मिनिटे उरली असता दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळत असल्याचे आढळले आणि उड्डाण थांबविण्यात आले. गळती बुजवून पुढे जाण्याचा मोह झाला नाही. अग्निबाण परत नेण्यात आला, दुसरा टप्पा काढून त्या जागी वेगळ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या टाकीचा नवा टप्पा बसविण्यात आला. ५ जानेवारी २०१४ रोजी उड्डाण झाले. स्वदेशी अतिशीत एंजिनाने १,९८२ किलोग्रॅम वजनाचा जीसॅट-१४ उपग्रह योग्य कक्षेत नेला. चार महिन्यांचा विलंब ही त्या यशाची किंमत होती, आणि ती स्वस्त होती.

६. न बदललेल्या भागाचा धोका

आतापर्यंत आपण बदललेल्या भागांचा विचार केला. परंतु न बदललेला भागही धोका देऊ शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण ४ जून १९९६ रोजी प्रथमच उडाला व चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाला. त्यात दिशा मोजणाऱ्या यंत्राची आज्ञावली पूर्वीच्या एरियान-४ मधून जशीच्या तशी घेतलेली होती. जुन्या अग्निबाणात तिने कधी दगा दिला नव्हता. नवा अग्निबाण मात्र अधिक वेगाने आडवा सरकत होता. त्या वेगाचा आकडा आज्ञावलीने राखून ठेवलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्र बंद पडले. भाग तोच होता, पण परिस्थिती बदलली होती.

याच जातीचा अनुभव भारताला २० सप्टेंबर १९९३ रोजी पी.एस.एल.व्ही.च्या पहिल्या उड्डाणात आला होता. दुसरा टप्पा सुटताना अपेक्षेपेक्षा मोठा हिसका बसला. तो सावरण्यासाठी काढलेला आज्ञेचा आकडा आज्ञावलीतील कमाल मर्यादेपलीकडे गेला व नियंत्रण सुटले. मर्यादेच्या आत सर्व काही बिनचूक होते. मर्यादेबाहेर काय होईल, हे कोणी पाहिले नव्हते. १५ ऑक्टोबर १९९४ रोजीचे दुसरे उड्डाण यशस्वी झाले, आणि पुढे हाच अग्निबाण अनेक वर्षे देशाचा मुख्य वाहक ठरला.

७ ऑगस्ट २०२२ रोजी लहान उपग्रहांसाठी बांधलेल्या एस.एस.एल.व्ही. या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात तर यंत्रे शाबूत असूनही उपग्रह हातचे गेले. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचा कंप झाला; प्रवेग मोजणाऱ्या उपकरणांनी तो प्रामाणिकपणे नोंदविला; पण आज्ञावलीने उपकरणेच बिघडली असा निष्कर्ष काढला व ती बाजूला सारली. उपग्रह अशा कक्षेत गेले की, जिचा खालचा बिंदू केवळ ७६ किलोमीटर उंचीवर होता. तेथे वातावरण त्यांना टिकू देत नाही. १० फेब्रुवारी २०२३ च्या यशस्वी उड्डाणापूर्वी दोन्ही बाजूंनी दुरुस्ती झाली. टप्पे जोडणारा सांधा कमी धक्का देणाऱ्या, मोठ्या अग्निबाणांत आधी वापरून झालेल्या पट्ट्याच्या पद्धतीचा करण्यात आला, आणि उपकरण बिघडले असे ठरविण्याचा नियमही सुधारण्यात आला. रोगाचे कारण व रोग ओळखण्याची रीत, दोन्ही बदलली.

७. बदलांची नोंदवही

या सर्व अनुभवांतून बदल हाताळण्याची एक शिस्त जगभर तयार झाली आहे. तिची सूत्रे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले सूत्र: एका ठरावीक दिवशी आराखडा 'गोठवावा'. त्यानंतर चांगली कल्पना सुचली तरी ती पुढच्या अग्निबाणासाठी राखून ठेवावी. दुसरे सूत्र: गोठलेल्या आराखड्यात बदल हवाच असेल तर तो तोंडी नव्हे, लेखी मागावा. काय बदलावयाचे, का बदलावयाचे आणि न बदलल्यास काय होईल, हे त्यात असावे. तिसरे सूत्र: ज्या ज्या गटाचा त्या भागाशी सांधा आहे, त्या प्रत्येकाची संमती घ्यावी. चौथे सूत्र: बदलाने पूर्वीच्या कोणत्या चाचण्या रद्दबातल ठरतात, ते ठरवून त्या पुन्हा कराव्यात. पाचवे सूत्र: कागदावरील आराखडा आणि मंचावर उभा असलेला अग्निबाण हे शेवटच्या खिळ्यापर्यंत एकच आहेत, याची पडताळणी करावी.

हे पाचवे सूत्र कारखान्यांनाही लागू आहे. अग्निबाणाचे मोठाले भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर, मुंबईतील विक्रोळी अशा ठिकाणच्या कारखान्यांत घडत आले आहेत. तेथील कारागिराने सांधणीची रीत किंचित बदलली, ती अधिक चांगली असली, तरी नोंद न झाल्यास तो बदल चोरपावलांनी अग्निबाणात शिरतो. नोंद नसलेला चांगला बदल हा नोंद असलेल्या वाईट बदलापेक्षा अधिक धोक्याचा. कारण दुसरा निदान शोधता तरी येतो.

८. टप्प्याटप्प्याने की एकदम?

नव्या अग्निबाणाचे सर्व टप्पे पहिल्याच उड्डाणात तपासावेत, की एकेक? चंद्रावर माणूस नेणाऱ्या अमेरिकेच्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या बाबतीत जॉर्ज म्यूलर यांनी सर्व टप्पे एकदम उडविण्याचा निर्णय घेतला, आणि ९ नोव्हेंबर १९६७ रोजीचे ते पहिले उड्डाण यशस्वी झाले. त्यामागे जमिनीवरील चाचण्यांचा अवाढव्य खटाटोप होता, हे विसरून चालणार नाही. भारताने एल.व्ही.एम.-३ या अग्निबाणासाठी वेगळा मार्ग धरला. १८ डिसेंबर २०१४ रोजीच्या पहिल्या उड्डाणात वरचा अतिशीत टप्पा केवळ नावाला होता, तो पेटविण्यात आलाच नाही. वातावरणातील प्रवास व खालचे टप्पे एवढाच प्रश्न विचारण्यात आला. उरलेला प्रश्न ५ जून २०१७ रोजीच्या यशस्वी उड्डाणाने विचारला. ज्याच्याजवळ उड्डाणे थोडी आहेत, त्याने प्रत्येक उड्डाणाला नेमका एक प्रश्न द्यावा, हे त्यामागील शहाणपण होय.

९. माणूस बसणार असेल तेव्हा

उपग्रह बुडाला तर पैसा व परिश्रम बुडतात. माणूस बसणार असेल तर जोखमीची मोजपट्टीच बदलते. गगनयान या समानव उड्डाणाच्या तयारीत एल.व्ही.एम.-३ च्या अतिशीत एंजिनाला माणसांसाठी पात्र ठरविण्याकरिता किमान ६,३५० सेकंद चाचण्यांची अट होती. चार एंजिने ३९ वेळा पेटवून प्रत्यक्षात ८,८१० सेकंद चाचण्या करण्यात आल्या. निर्वात परिस्थितीतील प्रज्वलनाची अखेरची चाचणी १३ फेब्रुवारी २०२४ रोजी महेंद्रगिरीस झाली. संकटकाळी प्रवासी कोठी अग्निबाणापासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी झाली. त्या सकाळी उड्डाणाला अवघी पाच सेकंदे उरली असताना संगणकाने ते थांबविले. कारण शोधून दुरुस्ती झाली आणि दहाच्या सुमारास उड्डाण यशस्वी झाले. जमलेल्या लोकांचा क्षणभर हिरमोड झाला असेल. पण 'थांब' म्हणता येणे हेच त्या यंत्रणेचे पहिले यश होते.

१०. समारोप

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. मागचा शहाणा होतो तो ठेच पाहून. न पाहिलेली, न सांगितलेली ठेच कोणालाच शहाणे करीत नाही. १९७९ ची झडप, १९८८ चा तो निसटता क्षण, २०१० चा थांबलेला पंप, या सर्व ठेचा लिहून ठेवल्या गेल्या, चारचौघांसमोर मांडल्या गेल्या, म्हणूनच त्या पुढच्यांच्या उपयोगी पडल्या. शाळेच्या प्रयोगवहीत उत्तर चुकल्यावर ते खोडून पुस्तकातील उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि तो आकडा तसाच ठेवून खाली कारण शोधणारा विद्यार्थी, यांच्यातील फरक हाच पुढे अग्निबाणाच्या यशापयशातील फरक ठरतो.

विचारार्थ प्रश्न

१. एखादा भाग पाच चाचण्यांत एकदा बिघडतो. पाच चाचण्यांत तो एकदाही न बिघडण्याची शक्यता किती? (सूचना: ०.८ ला स्वतःशीच पाच वेळा गुणा.)

२. आपल्या घरातील किंवा शेतातील एखाद्या यंत्रात केलेला एक बदल घ्या. त्याचा परिणाम आणखी कोणकोणत्या भागांवर झाला, त्याची यादी करा.

३. दोन संभाव्य कारणांपैकी खरे कोणते ते कळत नसताना दोन्ही दुरुस्त करणे योग्य का? त्याचे तोटे कोणते?

४. सर्व बदल चांगलेच आहेत, मग नोंद कशाला, असे म्हणणाऱ्या कारागिराला आपण काय उत्तर द्याल?